लॅबला ‘एनएबीएल’ मान्यता मिळते कशी? रिपोर्ट हातात आल्यावर नेमकं काय बघायचं?

कोल्हापूर : विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट, मातीचा रिपोर्ट, रक्ताचा रिपोर्ट, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतून निघालेल्या कास्टिंगचा रिपोर्ट. कागद वेगवेगळे, पण बऱ्याच कागदांवर वरच्या बाजूला एक चिन्ह दिसतं, ‘एनएबीएल’चं. लॅबच्या बोर्डावरही ‘एनएबीएल मान्यताप्राप्त’ असं ठळक लिहिलेलं असतं. ते वाचून बहुतेकांना वाटतं, लॅब सरकारमान्य आहे, म्हणजे इथली प्रत्येक तपासणी खात्रीची.

तसं नसतं. ही मान्यता लॅबच्या इमारतीला किंवा मालकाच्या नावाला मिळत नाही. ती ठरावीक तपासणीला, ठरावीक पद्धतीला आणि ठरावीक मर्यादेत मिळते. एकाच लॅबमध्ये एकाच टेबलावर होणाऱ्या दोन तपासण्यांपैकी एक मान्यतेत असते आणि दुसरी नसते, असंही होतं. म्हणून ही मान्यता मिळते कशी, लॅबला त्यासाठी काय काय करावं लागतं आणि आपल्या हातातल्या कागदाला तिचा आधार आहे की नाही हे मोबाईलवर कसं बघायचं, याची ही माहिती.

एनएबीएल म्हणजे कोण?

एनएबीएल म्हणजे टेस्टिंग आणि कॅलिब्रेशन करणाऱ्या प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ. मुख्यालय दिल्लीशेजारी गुरुग्रामला. हे मंडळ भारतीय गुणवत्ता परिषदेचा, म्हणजे क्यूसीआयचा भाग आहे. एनएबीएल स्वतः पाणी, माती, रक्त काहीही तपासत नाही. जे तपासतात त्यांना तपासता येतं का, हे ते तपासतं.

मान्यता घेणं मुळात ऐच्छिक आहे. एनएबीएल नाही म्हणून लॅब बेकायदा ठरत नाही. पण काही ठिकाणी कायदा, सरकारी योजना किंवा मोठा खरेदीदार ती अट घालतो. अन्नसुरक्षा कायदा २००६ नुसार अन्नपदार्थ तपासणाऱ्या लॅबना अधिसूचित करताना ही मान्यता बघितली जाते. निर्यातीच्या मालाला ती लागते. वाहन उद्योगाला कास्टिंग पुरवणाऱ्या आपल्या फौंड्रीवाल्यांना ती गिऱ्हाईक विचारतं.

बाहेरच्या देशात या शिक्क्याला किंमत का, तर ‘आयलॅक’ नावाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत वेगवेगळ्या देशांच्या मान्यता मंडळांनी एकमेकांची मान्यता मानण्याचा करार केलेला आहे. एनएबीएल २००० सालापासून त्यात आहे. त्यामुळे इथल्या मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट परदेशी खरेदीदारासमोर ठेवता येतो, निदान कागद बघितल्याबरोबर बाजूला सारला जात नाही.

‘आयएसओ’ लिहिलंय, मग झालं की!

नाही झालं. बोर्डावर ‘आयएसओ ९००१’ लिहिलेलं असणं वेगळं. ते प्रमाणपत्र कामकाज शिस्तीत चालतं एवढंच सांगतं. ते कापड दुकानालाही मिळतं आणि शाळेलाही. लॅबला नायट्रेट बरोबर मोजता येतं का, हे त्यात कुणी बघितलेलं नसतं. लॅबसाठी वेगळं मानक आहे, आयएसओ/आयईसी १७०२५. सध्या त्याची २०१७ ची आवृत्ती चालते. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी आयएसओ १५१८९. एनएबीएल या मानकांवर लॅब पारखतं. जाहिरातीत नुसतं ‘आयएसओ’ लिहिलेलं असेल तर पुढचा आकडा विचारा. आकडा सांगायला कुणी टाळाटाळ करत असेल तर काय समजायचं ते समजा.

काटा आणि कॅलिब्रेशन

टेस्टिंग म्हणजे तुमच्या नमुन्यात काय आहे ते शोधणं. कॅलिब्रेशन म्हणजे मोजणारं यंत्र किती खरं बोलतं ते शोधणं. मराठीत त्याला अंशांकन म्हणतात, पण उद्यमनगरात कुणी तो शब्द वापरत नाही. तिथं व्हर्निअर, मायक्रोमीटर, प्रेशर गेज सगळं ‘कॅलिब्रेशनला’ जातं.

आपल्याकडं हा विषय सगळ्यात जवळून कळतो तो उसाच्या काट्यावर. हंगाम सुरू झाला की काटामारीची चर्चा निघते, भरारी पथकं नेमली जातात. हिशोब साधा आहे. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वीस टन ऊस घेऊन काट्यावर आला आणि काटा अर्धा टक्का कमी दाखवत असला, तर एका खेपेला १०० किलो गेले. २०२५-२६ हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. म्हणजे तोडणी-वाहतूक वजा व्हायच्या आधीच्या दरानं ३५५ रुपये एका खेपेमागं. अशा किती खेपा एका गावातून जातात ते ज्याचं त्यानं मोजावं.

इथं दोन गोष्टींची गल्लत होते. व्यापारात वापरला जाणारा काटा, मग तो कारखान्याचा असो, दूध संस्थेचा असो की किराणा दुकानातला, त्याची पडताळणी आणि मुद्रांकन करणं हे वैधमापन शास्त्र विभागाचं काम आहे. वैधमापन कायदा २००९ चा. इलेक्ट्रॉनिक काट्याची ही पडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते. एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबनं काटा कॅलिब्रेट करून दिला, तरी तो या मुद्रांकनाची जागा घेत नाही. दोन्ही कागद वेगळे, दोन्हींचा उपयोग वेगळा.

वैधमापनवाला बघतो की काटा कायद्यानं दिलेल्या चुकीच्या मर्यादेत आहे की नाही. बसला तर शिक्का, नाही बसला तर नाही. कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्रात सहसा पास-नापास नसतं. अमुक वजन ठेवलं, काट्यानं तमुक दाखवलं, चूक एवढी, आणि ही चूक मोजण्यात आमचीच अनिश्चितता एवढी, असा तक्ता असतो. त्या चुकीचं काय करायचं ते यंत्र वापरणाऱ्यानं ठरवायचं. ‘पुढचं कॅलिब्रेशन अमुक तारखेला करा’ हेसुद्धा गिऱ्हाइकानं मागितल्याशिवाय लॅबनं लिहायचं नाही, असं मानक सांगतं. कारण यंत्र दिवसातून दहादा वापरलं जातं की महिन्यातून एकदा, हे लॅबला काय ठाऊक?

मग ज्या वजनांनी काटा तपासला ती वजनं खरी कशावरून? त्यांनाही कुणीतरी तपासलेलं असतं. निरीक्षकाकडची वजनं राज्याच्या वरच्या दर्जाच्या वजनांशी ताडलेली, ती अहमदाबाद, बेंगळूर अशा ठिकाणच्या केंद्र सरकारच्या प्रादेशिक प्रयोगशाळांशी, आणि त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशी, म्हणजे एनपीएलशी. तिथं भारताचा राष्ट्रीय किलो जपून ठेवलाय, ५७ क्रमांकाचा. २० मे २०१९ पासून जगभर किलोची व्याख्याच बदलली, आता ती धातूच्या ठोकळ्यावर नाही तर प्लांक स्थिरांकावर टेकलेली आहे; पण खाली गावापर्यंत येणारी साखळी तशीच आहे. एनएबीएलच्या भाषेत या साखळीला ‘ट्रेसेबिलिटी’ म्हणतात. मान्यता हवी असलेल्या लॅबला आपल्या प्रत्येक महत्त्वाच्या यंत्राची ही वंशावळ दाखवावी लागते. एक कडी तुटली तर पुढचं सगळं लटकतं.

मान्यतेची वाट

समजा गडहिंग्लजला एखाद्या बीएस्सी-एमएस्सी झालेल्या तरुणानं पाणी तपासणीची लॅब काढली आणि एनएबीएल घ्यायचं ठरवलं. त्याला काय करावं लागेल?

पहिल्यांदा लॅबला कायदेशीर अस्तित्व हवं. मालकी, भागीदारी, कंपनी, संस्था काहीही चालेल, पण चुकीच्या रिपोर्टची जबाबदारी कुणावर हे कागदावर स्पष्ट पाहिजे. दुसरं, निःपक्षपणा. समजा लॅब आणि आरओ फिल्टरचं दुकान एकाच मालकाचं आहे. पाणी खराब निघालं तर फिल्टर खपतो. असा हितसंबंध मानकात थेट धोका म्हणून धरला जातो आणि तो कसा टाळणार हे लॅबला दाखवावं लागतं.

मग माणसं. कोण कुठली तपासणी करणार, त्याचं शिक्षण काय, प्रशिक्षण कधी झालं, ‘हा माणूस ही तपासणी करू शकतो’ असं कुणी आणि काय बघून ठरवलं, याची नोंद. पदवीचा कागद फाईलला लावला म्हणजे काम झालं असं नाही, हाताला वळण आहे का ते बघतात.

यंत्रं घ्यावी लागतात : पीएच मीटर, गढूळपणा मोजायचा टर्बिडिटी मीटर, अचूक तराजू, स्पेक्ट्रोफोटोमीटर, जिवाणूंसाठी इनक्युबेटर आणि ऑटोक्लेव्ह. ज्या यंत्राच्या आकड्यावर निकाल अवलंबून आहे ते कॅलिब्रेट केलेलंच हवं. आपल्याकडच्या लाईटचा विषय इथं येतो. इनक्युबेटर ठरलेल्या तापमानावर चोवीस तास राहिला पाहिजे. मध्ये तीन तास लाईट गेली आणि बॅकअप नसला, तर त्या दिवशीचे जिवाणूंचे निकाल देता येत नाहीत. लॅबनं तापमानाची नोंद ठेवलेली असते आणि ऑडिटर ती वही आधी मागतो.

पद्धतीही मनाची चालत नाही. पाण्याच्या रासायनिक तपासणीसाठी भारतीय मानक आयएस ३०२५ चे वेगवेगळे भाग आहेत. पुस्तकात पद्धत दिली आहे म्हणून भागत नाही, ती आपल्या लॅबमध्ये आपल्या माणसाच्या हातून बरोबर उत्तर देते हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी एकच नमुना पुन्हा पुन्हा तपासतात. स्वच्छ पाण्यात ठरावीक नायट्रेट स्वतःच मिसळून ते तेवढंच परत सापडतं का बघतात.

आणि मग येते अनिश्चितता. हा भाग भल्याभल्यांना जड जातो, पण गावासाठी तो फार कामाचा आहे. पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५०० सांगतं की नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. रिपोर्टमध्ये ४४ आलं. पाणी चांगलं का? लॅबची अनिश्चितता ३ असेल तर खरा आकडा ४१ ते ४७ च्या मध्ये कुठंही असू शकतो. लॅबनं ‘योग्य’ की ‘अयोग्य’ असा शेरा द्यायचा असेल, तर हा निर्णय कुठल्या नियमानं घेणार हे गिऱ्हाइकाशी आधी ठरवावं लागतं. खतं भरपूर पडणाऱ्या बागायती पट्ट्यात ४० ते ५० च्या मधला आकडा आला, तर एका रिपोर्टवर न थांबता पावसाळ्याआधी आणि नंतर असं दोनदा तपासून घेतलेलं बरं.

यानंतरची पायरी लॅबच्या बाहेरची आहे. तिला प्रोफिशियन्सी टेस्टिंग म्हणतात, लॅबमध्ये सगळे नुसते ‘पीटी’ म्हणतात. एक संस्था एकसारखे नमुने अनेक लॅबना पाठवते. आत काय आहे ते कुणालाच सांगत नाही. प्रत्येकानं आपापला आकडा कळवायचा. मग सगळ्यांच्या तुलनेत तुमचा आकडा किती लांब पडला, त्याचा ‘झेड स्कोअर’ निघतो. २ च्या आत असला तर ठीक, २ ते ३ च्या मध्ये असला तर शंका, ३ किंवा त्यावर गेला तर नापास. पहिलीपासून वर्गात पहिला येणाऱ्याचा घाम इथं निघतो. पीटीत भाग घेतल्याशिवाय मान्यतेचा अर्ज पुढं सरकत नाही आणि मान्यता मिळाल्यावरही ठरल्याप्रमाणे भाग घेत राहावा लागतो. आमच्या मते या सगळ्या वाटेत खरी कसोटी हीच. फाईल सल्लागाराकडून लिहून घेता येते, झेड स्कोअर घेता येत नाही.

अर्ज करायच्या आधी लॅबनं स्वतःचं अंतर्गत ऑडिट आणि व्यवस्थापनाचा आढावा किमान एकदा केलेला हवा. अर्ज एनएबीएलच्या पोर्टलवर ऑनलाईन होतो. फी किती, ते लॅबचा प्रकार आणि तपासण्यांचा आवाका यावर ठरतं. चालू दरपत्रक त्याच वेबसाईटवर असतं. ऑडिटरांचा प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च लॅबवर येतो, तो आधी धरून ठेवावा.

अर्जासोबत सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे ‘स्कोप’. हा एक तक्ता असतो. कुठला पदार्थ, त्यातली कुठली तपासणी, कुठल्या पद्धतीनं, किती ते किती मर्यादेत. पिण्याचं पाणी, नायट्रेट, अमुक पद्धत, इतके ते इतके मिलिग्रॅम. अशी एकेक ओळ. आपल्या तरुणानं वीस ओळी मागितल्या, तर त्या वीस ओळींचीच मान्यता. एकविसावी तपासणी तो करू शकेल, पैसे घेऊ शकेल, पण ती मान्यतेची म्हणून खपवू शकत नाही.

ऑडिटचा दिवस

कागद तपासून झाले की एनएबीएल मुख्य ऑडिटर आणि त्या त्या विषयाचे जाणकार पाठवतं. ते लॅबमध्ये येतात, खुर्चीत बसून फक्त फाईल चाळत नाहीत. टेक्निशियनला सांगतात, ‘ही तपासणी माझ्यासमोर करून दाखवा.’ जुना ठेवलेला नमुना काढून पुन्हा तपासायला लावतात आणि पहिल्या आकड्याशी ताडतात. एखादा जुना रिपोर्ट उचलतात आणि उलट जातात : हा आकडा कुठल्या वहीतून आला, त्या दिवशी कुठलं यंत्र वापरलं, ते कधी कॅलिब्रेट झालं, केमिकलची बाटली कधी उघडली, तपासणारा त्या दिवशी हजर होता का? फौंड्रीच्या लॅबमध्ये असेल तर स्पेक्ट्रोमीटरवर प्रमाणित धातूचा तुकडा ठेवून कार्बन-सिलिकॉनचे आकडे बरोबर येतात का ते बघतात, टेन्साइल टेस्ट समोर करून घेतात.

चुका निघतातच. त्यांना ‘एनसी’ म्हणतात, नॉन-कन्फॉर्मिटी. ठरलेल्या मुदतीत लॅबनं प्रत्येक चुकीचं मूळ कारण शोधून दुरुस्ती आणि पुरावा द्यायचा असतो. ‘चूक झाली, पुन्हा होणार नाही’ असं लिहून चालत नाही.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी की आलेले ऑडिटर मान्यता देत नाहीत, ते शिफारस करतात. निर्णय एनएबीएलची मान्यता समिती घेते. मागितलेल्या वीस ओळींतल्या तीन समाधानकारक वाटल्या नाहीत तर सतरांचीच मान्यता मिळते. प्रमाणपत्रावर क्रमांक आणि मुदत असते. टेस्टिंग लॅबचा क्रमांक टीसी या अक्षरांनी सुरू होतो, कॅलिब्रेशनचा सीसी, वैद्यकीय लॅबचा एमसी. मुदतीच्या मध्येही देखरेख सुरू राहते आणि गंभीर गोष्ट सापडली तर मान्यता स्थगित किंवा रद्द होते.

‘महिन्याभरात एनएबीएल काढून देतो’ म्हणणारे एजंट भेटतात. वर सांगितलेल्या पीटीचा एक फेरा, यंत्रांचं कॅलिब्रेशन, अंतर्गत ऑडिट हे सगळं धरलं तर ते महिन्याभरात कसं बसणार, हा प्रश्न त्यांनाच विचारावा.

२०१० ची द्राक्षं

रिपोर्ट खरा, लॅब मान्यताप्राप्त, तरीही माल अडकला, असं आपल्या शेजारी घडून गेलंय.

२००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याची तक्रार झाली. त्यानंतर अपेडानं निर्यातीच्या द्राक्षांसाठी अंश तपासणीची योजना आणली. बागेची नोंदणी, मान्यताप्राप्त लॅबनं स्वतः बागेत येऊन नमुना घेणं, आणि पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेची सगळ्या लॅबवर नजर. व्यवस्था चांगली होती आणि आजही देशातल्या चांगल्या व्यवस्थांपैकी ती एक आहे.

२०१० च्या हंगामात युरोपच्या बंदरांत पोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड सापडलं. द्राक्षवाले त्याला सीसीसी किंवा लिहोसीन म्हणून ओळखतात. वाढ रोखून घड धरायला ते वापरलं जायचं. कंटेनर अडकले. नाशिक आणि सांगली-तासगाव भागातल्या बागायतदारांना त्याचा जबर फटका बसला. इथले रिपोर्ट खोटे नव्हते. पण त्या वर्षी तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हतंच, म्हणून ते कुणी शोधलंच नाही. नंतर ते यादीत आलं.

शिरोळ, हातकणंगल्याचा भाजीवाला किंवा गूळवाला उद्या निर्यातदाराशी बोलायला बसला, तर त्यानं लॅबला ‘सगळं तपासून द्या’ असं सांगून भागणार नाही. ज्या देशात माल जाणार तिथं काय काय बघतात ती यादी आधी हातात घ्यायची, आणि ती यादी लॅबच्या स्कोपच्या ओळींशी एकेक करून ताडायची. यादीत आहे आणि स्कोपमध्ये नाही, असं जिथं सापडेल तिथं दुसरी लॅब शोधायची.

पाणी, माती, अन्न, रक्त

इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती. पंचगंगेचं पाणी आणि गळक्या पाईपलाईनचा विषय जिल्ह्याला नवा नाही. ग्रामीण भागात पाणी तपासणीचं काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळांकडे आहे. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून या सरकारी लॅबनीही एनएबीएल घ्यावं असा आग्रह आहे, आणि सामान्य माणसालाही नाममात्र शुल्कात तिथं पाणी तपासून मिळावं अशी योजनेतच तरतूद आहे. ग्रामसेवक किंवा जलसुरक्षकाला विचारा.

पण नमुना कसा घेता यावर निम्मं अवलंबून असतं. जिवाणूंच्या तपासणीला मिनरल वॉटरची रिकामी बाटली चालत नाही, लॅबकडून निर्जंतुक बाटली आणावी लागते. टीसीएल टाकलेल्या पाण्यासाठीच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं असतं, ते धुऊन टाकू नका. ते नसलं तर पाण्यातलं क्लोरीन बाटलीतसुद्धा जंतू मारत राहतं, आणि गावात नळाला आलेलं पाणी कसं होतं ते कधीच कळत नाही. बाटली बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवायची. एसटीच्या टपावरच्या उन्हात भाजलेल्या नमुन्याला जगातली कुठलीही मान्यता वाचवू शकत नाही.

मातीचं तसंच. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं धरून बारा गोष्टी येतात. शिरोळकडच्या क्षारपड रानात क्षारतेचा आकडा फार महत्त्वाचा. बांधाजवळची, झाडाखालची, नुकतंच खत टाकलेली माती दिली तर बाराही आकडे बिनकामाचे.

खाण्याच्या वस्तूबाबत एक हक्क फारसा कुणाला माहीत नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहक स्वतः विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. खरेदीच्या वेळी दुकानदाराला तसं सांगावं लागतं. माल नियमबाह्य निघाला तर शुल्क परत मिळतं. दुसऱ्या बाजूनं, अन्नसुरक्षा अधिकाऱ्यानं दुकानदाराचा किंवा डेअरीचा नमुना घेतला, तर त्याचा एक भाग मान्यताप्राप्त लॅबकडे पाठवा अशी मागणी व्यावसायिक करू शकतो.

रक्त-लघवीच्या लॅबसाठी लहान केंद्रांना झेपेल अशी प्रवेश पातळीची योजना एनएबीएलनं २०१९ मध्ये सुरू केली होती. तालुक्याच्या ठिकाणच्या लॅबला पूर्ण मान्यता जड जात असेल तर ती पहिली पायरी. हुपरीच्या चांदीचा आणि सराफाच्या सोन्याचा हॉलमार्क मात्र वेगळा. त्या केंद्रांना मान्यता भारतीय मानक ब्युरो देतं, त्यात एनएबीएलचा शिक्का शोधू नका.

रिपोर्ट मोबाईलवर कसा पडताळायचा?

रिपोर्टवर एनएबीएलचं चिन्ह आणि त्याखाली प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का बघा. टेस्टिंग लॅबच्या अशा रिपोर्टवर ‘यूएलआर’ नावाचा लांबलचक क्रमांकही असतो. तो प्रत्येक रिपोर्टला वेगळा असतो आणि त्यात लॅबचा प्रमाणपत्र क्रमांक व वर्ष गुंफलेलं असतं. दोन वेगळ्या रिपोर्टवर एकच यूएलआर दिसला तर कुठंतरी गडबड आहे.

मग एनएबीएलच्या वेबसाईटवर जाऊन लॅब शोधायच्या पानावर लॅबचं नाव, गाव किंवा क्रमांक टाका. मान्यता चालू आहे की स्थगित, मुदत कधीपर्यंत, ते दिसतं. तिथंच स्कोपची पीडीएफ उघडते. पानं बरीच असतात, इंग्रजीत असतात. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोराला-पोरीला बसवा. तुमच्या रिपोर्टमधली तपासणी, पदार्थ आणि पद्धत त्या तक्त्यात सापडली पाहिजे. पाण्याची मान्यता असलेल्या लॅबनं मातीच्या रिपोर्टवर तेच चिन्ह छापलं असेल तर ते चालत नाही. पत्ताही जुळवा, कारण मान्यता जागेनुसार असते; कोल्हापूरच्या लॅबची मान्यता तिच्या दुसऱ्या गावातल्या शाखेला आपोआप लागू होत नाही.

खाली बारीक अक्षरात एक वाक्य बहुतेक रिपोर्टवर असतं, की हे निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते आहेत. नमुना तुम्ही नेऊन दिला असेल तर तेही लिहिलेलं असतं. बाटलीत भरून दिलेलं पाणी तुमच्याच विहिरीचं होतं याची हमी लॅब देत नाही. गावातल्या वादात, पाणंदीच्या किंवा सांडपाण्याच्या भांडणात रिपोर्ट पुढं करायचा असेल, तर नमुना लॅबच्याच माणसाला बोलावून दोन्ही बाजूंसमोर घ्यायला लावा. खर्च वाढेल, पण कागद टिकेल.

रिपोर्ट चुकीचा वाटला तर आधी लॅबला लेखी कळवा, नमुना क्रमांक आणि तारीख टाकून. तक्रार घेणं, तपासणं आणि उत्तर देणं मान्यताप्राप्त लॅबवर मानकानं बंधनकारक केलेलं आहे. ठेवलेला नमुना शिल्लक असेल आणि टिकणारा असेल तर पुन्हा तपासायला सांगा. उत्तर आलं नाही, किंवा खोटं चिन्ह छापल्याचा संशय आला, तर एनएबीएलच्या वेबसाईटवर तक्रारीची सोय आहे. तिथं रिपोर्टचा स्पष्ट फोटो आणि लॅबला पाठवलेल्या पत्राची प्रत जोडा. काट्याची तक्रार मात्र तिथं नाही, ती वैधमापन शास्त्र विभागाच्या जिल्हा कार्यालयात, आणि कारखान्याचा काटा असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भरारी पथकाकडेही करता येते. वजनाची पावती फेकू नका, तीच लागते.